शाहीर अमर शेख : आवाज, कविता आणि इतिहासाचे साधन

सारांश

विसाव्या शतकातील मराठी शाहिरीच्या इतिहासात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर ही तीन नावे एकत्र घेतली जातात. यांपैकी अमर शेख हे स्वतः रचना करणारे आणि ती स्वतःच जनसमुदायापुढे गाणारे कवी-गायक होते. त्यांचे मूल्यमापन मात्र बहुधा मुद्रित कवितेच्या निकषावर झाले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा व कारकिर्दीचा आढावा घेऊन असे प्रतिपादन केले आहे की, ज्या न्यायाने इतिहासकारांनी शिवकालीन व पेशवेकालीन पोवाड्यांना साधनाचा दर्जा दिला, त्याच न्यायाने आधुनिक शाहिराच्या सादरीकरणाकडेही पाहावयास हवे.

प्रस्तावना

स्वतः गीत रचून ते स्वतःच गाणारा कलावंत कोणत्याही वाङ्मयेतिहासात अडचणीचा ठरतो. साहित्याचा अभ्यासक त्याची संहिता पाहतो आणि ती वाचताना फिकी वाटते म्हणून तिला दुय्यम स्थान देतो. संगीताचा अभ्यासक रागदारीची कसोटी लावून त्याला लोकगायकांच्या वर्गात टाकतो. राजकीय इतिहासकार त्याचा उल्लेख 'चळवळीला शाहिरांची साथ लाभली' अशा एका वाक्यात करून पुढे जातो. तिन्ही शाखांत त्याचे नाव येते, परंतु कोणतीही शाखा त्याला पूर्णपणे आपला मानत नाही.

शाहीर अमर शेख (१९१६-१९६९) यांच्या बाबतीत हेच घडले. त्यांचे नाव महाराष्ट्रात अपरिचित नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे स्मरण होते तेव्हा त्यांच्या पहाडी आवाजाचा उल्लेख हमखास होतो. तथापि त्या आवाजाने नेमके काय केले, तो कोठून आला, त्यामागे कोणती कलापरंपरा उभी होती आणि त्याच्या अभ्यासाची साधने कोणती, या प्रश्नांचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. कोल्हापूरच्या अभ्यासकाला या विषयात आणखी एका कारणाने स्वारस्य असावे. बार्शीच्या मेहबूब हुसेन या तरुणाला 'अमर शेख' हे नाव लाभले ते कोल्हापुरातील वास्तव्यात.

शाहिरी परंपरा आणि इतिहासलेखन

पोवाडा हा मराठीतील जुना काव्यप्रकार आहे. अफजलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा शिवकालातील मानला जातो. उत्तर पेशवाईत अनंत फंदी, राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ अशा शाहिरांनी पोवाडा व लावणी या दोन्ही प्रकारांना बहर आणला. यांपैकी सगनभाऊ हे मुस्लिम शिकलगार होते. मराठी शाहिरी ही आरंभापासून एका जातीची वा एका धर्माची मिरासदारी नव्हती, ही गोष्ट अमर शेखांचा विचार करताना ध्यानी ठेवावयास हवी. त्यांच्या मुस्लिम असण्याचे आश्चर्य परंपरेला नव्हते. ते नंतरच्या काळाला वाटू लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मौखिक धनाकडे इतिहासकारांचे लक्ष वळले. ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोंधळ्यांकडून व शाहिरांकडून पोवाडे मिळवून १८९१ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. पुढे य. न. केळकर यांनी 'ऐतिहासिक पोवाडे' या संग्रहाद्वारे हे कार्य अधिक शास्त्रशुद्ध रीतीने पुढे नेले. पोवाड्यातील तपशील अतिशयोक्त असतात, तिथी-वारांत घोटाळे असतात, हे या संग्राहकांना ठाऊक होते. तरीही घटना घडली तेव्हा लोकांना ती कशी दिसली, कोणाचे शौर्य त्यांना गावेसे वाटले आणि कोणाची फजिती त्यांना सांगावीशी वाटली, हे बखरी व कागदपत्रांपेक्षा पोवाड्यातून अधिक कळते, हे त्यांनी ओळखले होते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला आणि या प्रकाराला नवे कार्य दिले. गतकाळाचे गुणगान करणारा पोवाडा आता वर्तमानातील अन्यायाचा जाब विचारू लागला. सत्यशोधक जलशांनी हीच वाट पुढे चालविली. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात या विचाराला आश्रय होता. लहरी हैदर यांच्यासारखे शाहीर याच वातावरणात पुढे आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतील जलसे हा त्याच प्रवाहाचा आणखी एक विस्तार होय. सारांश, १९४० च्या दशकात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी डफ हाती घेतला, तेव्हा ते परक्या भूमीवरून आणलेले रोप लावीत नव्हते. जमीन नांगरलेलीच होती.

बार्शी ते कोल्हापूर

अमर शेख यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे एका गरीब मुस्लिम कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन. आई मुनेरबी यांच्याकडून त्यांना मराठी लोकगीतांचा वारसा मिळाला. दळणाकांडणाच्या, सणावाराच्या गाण्यांचे संस्कार मुस्लिम घरातील आईकडून व्हावेत, यात त्या काळच्या बार्शीत काही नवल नव्हते. गाव व्यापारपेठेचे, सभोवती ज्वारी-कडब्याचा दुष्काळी मुलूख. वारकरी दिंड्या, पीर-दर्ग्यांचे उरूस आणि तमाशाचे फड यांचा शेजार होता. अमर शेखांच्या पुढील रचनेत ग्रामीण मराठीचा जो सहज वापर दिसतो, त्याचे मूळ येथे आहे.

शालेय शिक्षण फार काळ चालू शकले नाही. पोट भरण्यासाठी मोटारीवर क्लीनर म्हणून आणि पुढे गिरणीत कामगार म्हणून त्यांनी काम केले. त्यांच्या घडणीचा काळ हा सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने विलक्षण खळबळीचा होता. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारण्यात आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना फाशी देण्यात आले. या चार नावांचे एकत्र येणे हे त्या शहरातील राष्ट्रीय व कामगार चळवळीच्या सर्वसमावेशकतेचे द्योतक होते. याच वातावरणात किशोरवयीन मेहबूब राष्ट्रीय चळवळीकडे आणि नंतर कामगार चळवळीकडे ओढला गेला. गिरणी कामगारांच्या संपात पुढाकार घेतल्याबद्दल त्यांना तुरुंगवास घडला. विसापूरच्या तुरुंगात त्यांचा कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी संबंध आला आणि त्यांच्या विचारांना निश्चित दिशा मिळाली.

यानंतर त्यांच्या आयुष्यात कोल्हापूर येते. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून कोल्हापूर हे चित्रपटनिर्मितीचे केंद्र बनले होते. 'प्रभात'ची स्थापना येथेच १९२९ मध्ये झाली. ती संस्था १९३३ मध्ये पुण्याला गेली, तरी मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आदींनी येथील चित्रव्यवसाय चालू ठेवला. मास्टर विनायक यांच्या चित्रसंस्थेत मेहबूब यांनी काही काळ काम केले आणि 'अमर शेख' हे नाव त्यांना याच काळात मिळाले.

या नावाची घडण विचार करण्यासारखी आहे. 'अमर' हा संस्कृतोद्भव शब्द आणि 'शेख' हे मुस्लिम कुलनाम. ही जोडणी चित्रसृष्टीच्या सोयीतून आली असेल. परंतु पुढे सभामंचावर तीच त्यांची ओळख ठरली. चित्रपटात नाव कमावण्यासाठी आलेल्या कित्येक तरुणांनी आपले मूळ कुल झाकणारी नावे घेतली. येथे तसे झाले नाही. नावात 'शेख' होते आणि मराठी श्रोत्याने ते आपले म्हणून स्वीकारले. कोल्हापूरच्या वास्तव्याने त्यांना नट वा तंत्रज्ञ बनविले नाही. आवाजाची फेक, मंचावरील उभे राहणे, समूहाला धरून ठेवणारा अभिनय यांची जाण मात्र चित्रपट व नाटक यांच्या सान्निध्यात तीव्र होते, आणि अमर शेखांच्या पुढील सादरीकरणात या गुणांना मोठे स्थान होते.

लाल बावटा कलापथक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जुलै १९४२ मध्ये, कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठली. मे १९४३ मध्ये मुंबईत भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली. त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि देशभरातील कलावंत त्या प्रश्नाने हलून गेले. या पार्श्वभूमीवर १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांचे 'लाल बावटा कलापथक' उभे राहिले.

कलापथकाचे बळ तिघांच्या वेगवेगळ्या गुणांत होते. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ (१९२०-१९६९) मातंग समाजात जन्मले. शाळेचे शिक्षण त्यांच्या वाट्याला जवळजवळ आले नाही; परंतु तमाशाचे सर्व अंग त्यांना लहानपणापासून अवगत होते. १९४३ मध्ये त्यांनी रचलेल्या स्तालिनग्राडच्या पोवाड्याने त्यांचे नाव कामगार वस्तीत पसरले होते. गव्हाणकर हे स्वतः रचनाकार आणि शाहीर. अमर शेखांकडे रचनाशक्ती होतीच. त्याबरोबर असा आवाज होता की, जो हजारोंच्या सभेत शेवटच्या रांगेपर्यंत शब्द स्पष्टपणे पोहोचवीत असे. डफ, तुणतुणे आणि झांज एवढ्या सामग्रीवर, मागे झीलकऱ्यांची साथ घेऊन गाणाऱ्या शाहिराला आवाजाची ही ताकद अलंकार म्हणून लागत नाही. तिच्याविना त्याचा व्यवसायच चालत नाही.

कलापथकाने तमाशाचा ढाचा स्वीकारला आणि आतून बदलला. पारंपरिक तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो. गणात गणेशाला वंदन केले जाते. कलापथकाच्या गणात वंदन केले जाऊ लागले ते भूमीला, श्रमिकाला आणि हुतात्म्यांना. कृष्ण-गौळणींच्या छेडछाडीचा भाग वगळला गेला. वगात राजा-प्रधानाऐवजी सावकार, गिरणीमालक, काळाबाजारवाला आणि शेतमजूर आले. सोंगाड्याची हजरजबाबी थट्टा तशीच राहिली. तिचा रोख मात्र सत्तेकडे वळला. प्रेक्षकाला परिचित असलेल्या रूपातून अपरिचित विचार सांगण्याची ही पद्धत होती. निरक्षर श्रोत्याला पत्रक वाचता येत नव्हते. पण वग कसा पाहावा आणि पोवाडा कसा ऐकावा हे त्याला कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

अमर शेखांच्या रचनांचे विषय पाहिले असता त्यांची दृष्टी केवळ पक्षीय नव्हती असे दिसते. छत्रपती शिवाजी महाराज, होळकर आणि उधमसिंग हे त्यांच्या पोवाड्यांचे विषय होते. कामगारांचे लढे, शेतकऱ्याचे दारिद्र्य, स्त्रीचे कष्ट आणि मातृभूमी ही त्यांच्या गीतांची मुख्य सूत्रे होत. राष्ट्र आणि वर्ग यांना परस्परविरोधी न मानता दोहोंना एका गाण्यात सामावणे ही त्यांची सहज प्रवृत्ती होती. पुढे याच प्रवृत्तीची परीक्षा झाली.

स्वातंत्र्यानंतर कम्युनिस्ट पक्ष आणि सरकार यांच्यातील संघर्ष तीव्र झाला. फेब्रुवारी १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात पक्षाने सशस्त्र लढ्याची भूमिका घेतली आणि त्यानंतर कार्यकर्त्यांची धरपकड सुरू झाली. मुंबई सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांना मनाई केली. तमाशावरही निर्बंध आले. कलावंतांनी यावर शोधलेला मार्ग वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. तमाशाचे सुधारलेले रूप 'लोकनाट्य' या नावाने मंचावर आले आणि मध्यमवर्गीय प्रेक्षकानेही ते स्वीकारले. ज्या बंदीने हा कलाप्रकार थांबावयाचा, तिनेच त्याला नवे नाव व नवा प्रेक्षक मिळवून देण्यास हातभार लावला.

संयुक्त महाराष्ट्र आणि सीमाभाग

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईसह मराठी भाषकांचे एक राज्य देण्यास त्यात नकार होता. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटन परिसरात निदर्शकांवर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा गोळीबार झाले. लढ्यात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

या चार-पाच वर्षांत महाराष्ट्रभर झालेल्या सभांत नेत्याच्या भाषणाआधी शाहिराचे गाणे होई. यास केवळ गर्दी जमविण्याचे साधन समजणे हा या कलेचा अपुरा अर्थ ठरेल. आयोगाचा अहवाल, द्विभाषिकाची योजना, लोकसंख्येचे आकडे हा सारा कागदोपत्री विषय होता. खेड्यातील शेतकऱ्याला मुंबईशी काय कर्तव्य, हा प्रश्न स्वाभाविक होता. अण्णाभाऊंच्या 'माझी मैना' या रचनेने त्याचे उत्तर दिले. पोटासाठी मुंबईत आलेला माणूस गावी राहिलेल्या कारभारणीच्या विरहाने झुरतो. गाणे पुढे जाते तसा हा विरह खंडित महाराष्ट्राचा होतो आणि बेळगाव, कारवार यांसारखी दुरावलेली ठिकाणे त्यात येतात. प्रत्येक घरातून कोणी ना कोणी गिरणीत गेलेला असा तो काळ. राज्यरचनेचा गुंता श्रोत्याच्या स्वतःच्या ताटातुटीच्या भाषेत मांडला गेला. ही रचना अमर शेखांच्या आवाजात मराठी मुलखात दुमदुमली. रचणारा एक आणि गाणारा दुसरा असूनही गीत दोघांचे झाले.

कोल्हापूरकरांना या गीताचा आणखी एक पदर जाणवतो. १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेत बेळगाव, निपाणी व कारवार हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. कोल्हापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील निपाणी परराज्यात राहिली. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने महाराष्ट्राचे समाधान झाले नाही आणि २००४ मध्ये राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मुंबईपुरती ती ताटातूट १९६० मध्ये संपली; सीमाभागापुरती ती संपली नाही. इतिहासग्रंथात विजयाने पूर्ण झालेला लढा या गीतात अपूर्णच राहतो. इतिहासाचे साधन म्हणून गाण्याचे मोल असते ते येथे: अधिकृत कथनात मिटविली गेलेली खंत ते शिल्लक ठेवते.

आचार्य अत्रे यांनी अमर शेखांना 'महाराष्ट्राचा मायकोव्हस्की' असे संबोधले. गौरव यथार्थ होता, परंतु त्यातही एक अडचण दडलेली आहे. मायकोव्हस्की (१८९३-१९३०) हा प्रभावी वाचन करणारा कवी होता. त्याची कविता कागदावर जन्मली आणि कागदावर टिकली. अमर शेखांची रचना चालीत जन्मली आणि गळ्यात वाढली. मोठेपण सांगण्यासाठी शाहिराला ग्रंथनिष्ठ कवीच्या शेजारी बसवावे लागले, यातून त्या काळच्या वाङ्मयीन प्रतिष्ठेची कल्पना येते. सगनभाऊ किंवा अनंत फंदी यांच्या नावाने त्यांचा गौरव केला असता, तर तो कदाचित लहान वाटला असता.

राज्यस्थापनेनंतर

अमर शेखांचे मुद्रित साहित्य संख्येने मोठे नाही. 'अमरगीत' हा गीतसंग्रह व 'पहिला बळी' हे नाटक १९५१ मध्ये आले. 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे त्यांचे कवितासंग्रह. 'युगदीप' व 'वख्त की आवाज' या नियतकालिकांच्या संपादनाशीही त्यांचे नाव निगडित आहे. चित्रपटातही त्यांनी भूमिका केल्या. १९६१ मधील 'प्रपंच' हा त्यांपैकी विशेष उल्लेखनीय.

१९६२ च्या चिनी आक्रमणाने त्यांच्यापुढे कठीण प्रसंग उभा केला. कम्युनिस्ट पक्षात या प्रश्नावर तीव्र मतभेद झाले आणि १९६४ मध्ये पक्ष फुटला. अमर शेखांनी मात्र निःसंदिग्ध भूमिका घेतली. आक्रमणाविरुद्ध गीते रचून त्यांनी गावोगाव जनजागृती केली आणि १९६५ च्या पाकिस्तानबरोबरील युद्धाच्या वेळीही हेच कार्य केले. लाल बावट्याखाली घडलेला, धर्माने मुस्लिम असलेला हा शाहीर आधी चीनविरुद्ध आणि नंतर पाकिस्तानविरुद्ध गातो, याचा उल्लेख अनेकदा देशभक्तीचे प्रमाणपत्र म्हणून केला जातो. असे प्रमाणपत्र त्यांनी कोणाकडे मागितलेले नव्हते. शिवाजी महाराज आणि उधमसिंग यांचे पोवाडे गाणाऱ्या शाहिराच्या दृष्टीने ही भूमिका आधीच्या भूमिकेची सरळ पुढची पायरी होती. येथे बदल शोधण्यापेक्षा सातत्य पाहणे अधिक सयुक्तिक ठरेल.

१९६९ हे वर्ष मराठी लोकचळवळीच्या दृष्टीने विलक्षण हानीचे ठरले. १३ जून रोजी आचार्य अत्रे गेले. १८ जुलै रोजी अण्णाभाऊ साठे यांचे मुंबईत निधन झाले. २९ ऑगस्ट रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख यांना मृत्यू आला. अवघ्या ७७ दिवसांत संयुक्त महाराष्ट्राची लेखणी, प्रतिभा आणि आवाज हरपले. अमर शेख तेव्हा ५३ वर्षांचेही नव्हते. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख यांनी पुढे कवयित्री म्हणून स्वतंत्र स्थान मिळविले. अण्णाभाऊंच्या वाङ्मयाला दलित साहित्याच्या उदयानंतर नवे वाचक व अभ्यासक लाभले. अमर शेखांच्या आवाजाला असा वारस मिळणे कठीण होते. कादंबरी पुन्हा छापता येते, सभा पुन्हा भरविता येत नाही.

एक तुलना

हा प्रश्न महाराष्ट्रापुरता नाही. अमेरिकेतील वुडी गथ्री (१९१२-१९६७) हे जवळजवळ अमर शेखांच्याच पिढीतील कवी-गायक. ओक्लाहोमातील दुष्काळ व धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांबरोबर ते कॅलिफोर्नियाकडे गेले आणि त्यांचे हाल गाण्यांतून मांडले. लोकांच्या ओठी असलेल्या जुन्या चालींवर नवे शब्द बसविणे ही त्यांची रीत होती. आपले शाहीर 'चाल अमुक' असे लिहून पुढे पोवाडा रचतात, तीच ही रीत. त्यांचे सहकारी पीट सीगर (१९१९-२०१४) यांना डाव्या विचारांमुळे १९५५ मध्ये संसदीय समितीपुढे उभे राहावे लागले आणि १९६१ मध्ये त्यांना शिक्षाही झाली. ती पुढील वर्षी अपिलात रद्द झाली. सरकार आणि गायक यांच्यातील तणाव दोन्हीकडे सारखाच दिसतो.

फरक आहे तो जतनात. लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी मार्च १९४० मध्ये अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयासाठी गथ्रींची गाणी आणि त्यांच्याशी झालेले संभाषण तासन्‌तास ध्वनिमुद्रित केले. २०१३ मध्ये टल्सा येथे त्यांच्या कागदपत्रांचे व वस्तूंचे केंद्र सुरू झाले. गथ्रींना गुरुस्थानी मानणाऱ्या बॉब डिलन यांना २०१६ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गाणे हे साहित्य आहे की नाही यावर जगभर वाद झाला. महाराष्ट्राने हा वाद फार पूर्वी, शाहिरांच्या निमित्ताने करावयास हवा होता.

आपल्याकडे तांत्रिक मर्यादाही होत्या. त्या काळच्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. भावगीत तेवढ्यात बसते. पोवाडा बसत नाही. पोवाड्यात शाहीर गद्यातून प्रसंग सांगतो, श्रोत्यांचा कल पाहून कडवे वाढवितो वा गाळतो, स्थानिक घटना ओवतो. तबकडी यातील काहीच पकडू शकत नाही आणि छापील पुस्तिका केवळ सांगाडा देते. 'कलश' व 'धरतीमाता' वाचून अमर शेखांचे मोजमाप करणे म्हणूनच अपुरे आहे. ती त्यांच्या कार्याची एक बाजू आहे. दुसरी बाजू मैदानात होती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात. एक, अमर शेख हे सगनभाऊंपासून सत्यशोधक जलशांपर्यंतच्या बहुजातीय व बहुधर्मीय शाहिरी परंपरेचे विसाव्या शतकातील वारस होते. त्यांना केवळ एका पक्षाचे प्रचारक मानणे इतिहासाला धरून नाही. दोन, कलापथकाने तमाशाच्या परिचित रूपातून आधुनिक राजकीय आशय निरक्षर श्रोत्यापर्यंत नेला आणि या प्रक्रियेतून लोकनाट्याला चालना मिळाली. तीन, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिराचे कार्य मनोरंजनाचे नव्हते. राज्यरचनेचा प्रश्न लोकांच्या अनुभवात उतरविण्याचे ते कार्य होते. चार, अशा कलावंताचा खरा दस्तऐवज त्याचे सादरीकरण हाच असतो आणि मुद्रित संहिता हे त्याचे आंशिक रूप होय.

यातून अध्यापकांपुढे एक निकडीचे काम उभे राहते. १९५६ मध्ये दहा वर्षांचा असलेला श्रोता आज ऐंशीच्या घरात आहे. बार्शी, सोलापूर, सांगली, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात ज्यांनी अमर शेखांना प्रत्यक्ष ऐकले, त्यांच्या आठवणी, पाठ असलेली कडवी, घराघरांत पडून असलेल्या पुस्तिका व हस्तपत्रके महाविद्यालयांतील इतिहास व मराठी विभागांनी एकत्रितपणे नोंदवावयास हव्यात. हे काम एखाद्या मोठ्या निधीवाचून अडत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि ध्वनिमुद्रणाचे साधे साधन यांवर ते होऊ शकते. शाळिग्रामांनी पोवाडे गोळा केले, तेव्हा पेशवाई बुडून सत्तर वर्षे उलटली होती. अमर शेखांच्या मैदानी सभांनाही आता जवळजवळ तेवढीच वर्षे झाली आहेत. त्या संग्राहकांना गोंधळी भेटले म्हणून अठराव्या शतकाचा आवाज आपल्यापर्यंत आला. विसाव्या शतकाचा आवाज पुढील पिढीस मिळावयाचा, तर त्याचे श्रोते हयात आहेत तोवरच हे काम हाती घेतले पाहिजे.